शब्दकोशातून कारखान्याच्या फाटकापर्यंत : स्वभावमापनाचा इतिहास आणि मराठीतील ‘भीड’

१

काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. मूळचा मराठवाड्यातला, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला, आणि नोकरीच्या शोधात चाकणला येऊन नाणेकरवाडीतल्या एका खोलीत आणखी पाच मुलांबरोबर राहणारा. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत भांडारात मदतनीस हवे होते, म्हणून तो मुलाखतीला गेला. मुलाखतीच्या आधी त्याला संगणकासमोर बसवण्यात आले. पडद्यावर एकामागून एक विधाने येत होती आणि प्रत्येकापुढे ‘पूर्णपणे सहमत’ पासून ‘पूर्णपणे असहमत’ पर्यंत पाच पर्याय होते. विधाने मराठीत होती, निदान लिपी आणि क्रियापदे तरी मराठी होती.

‘मी पार्टीचा प्राण असतो’ असे एक विधान होते. आमच्या विद्यार्थ्याच्या गावात ‘पार्टी’ या शब्दाचे दोनच अर्थ चालतात : ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतला गट, किंवा ढाब्यावर बाटली मध्ये ठेवून झालेली बैठक. नोकरी मागायला आलेल्या माणसाने यांपैकी कशाचाही प्राण असून चालणार नव्हते. त्याने ‘पूर्णपणे असहमत’ वर टिचकी मारली. पुढे कुठे तरी ‘मी माझ्या वस्तू इकडेतिकडे पडू देतो’ असे वाक्य आले. सहा जणांच्या खोलीत त्याच्या वाट्याला एक पत्र्याची पेटी आणि भिंतीवरचे दोन खिळे आले होते. वस्तू पडू द्यायला जागा असती तर प्रश्नाला अर्थ असता. तिथे त्याने मधला पर्याय निवडला. उरलेल्या बहुतेक विधानांना तो ‘सहमत’ म्हणत गेला, कारण विचारणारा नोकरी देणारा होता आणि त्याला ‘नाही’ म्हणणे त्याच्या जिवावर आले.

हे सगळे सांगून झाल्यावर त्याने आम्हांला विचारले, “सर, यातलं बरोबर उत्तर कुठलं असतं?” आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. पात्राचा स्वभाव कसा ओळखावा, हा प्रश्न परीक्षेत दरवर्षी घालणारी. तरीही त्याच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. तो करताना आमच्या लक्षात आले की, या प्रश्नावलीचा उगम प्रयोगशाळेपेक्षा शब्दकोशात आहे. म्हणजे आमच्याच अंगणात आहे.

२

माणसाला आत घ्यायचे की नाही, हे फाटकावर ठरवण्याच्या रीती आपल्याकडे काळानुसार बदलत आल्या आहेत. मुंबईच्या कापड गिरण्यांत हे काम जॉबर करी. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या ओळखीतला माणूस आणी, त्याच्याबद्दल हमी देई आणि त्या हमीची किंमतही वसूल करी. माणसाचा स्वभाव जॉबरला ठाऊक असे, निदान ठाऊक आहे असे धरले जाई. पण त्या ज्ञानात पक्षपात आणि दस्तुरी यांची मिसळ होती.

पिंपरीला उद्योग आले ते स्वातंत्र्योत्तर काळात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आल्या. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. या पहिल्या पिढीच्या भरतीत रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि ट्रेड टेस्ट या तीन गोष्टींना महत्त्व होते. ट्रेड टेस्टमध्ये माणसाच्या हाती कानस आणि लोखंडाचा तुकडा दिला जाई आणि त्याने घासून काढलेला जॉब मापात बसतो की नाही, हे पाहिले जाई. ओळखी आणि चिठ्ठ्या तेव्हाही चालतच असणार. परंतु तत्त्वतः तरी माप हाताच्या कौशल्याचे होते, हात ज्याचा त्याच्या मनाचे नव्हते.

नव्वदीच्या दशकापासून वाहन उद्योग चाकणकडे सरकला. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा, २००९ मध्ये फोक्सवागनचा कारखाना तिथे सुरू झाला. त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे उद्योग म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी अशा गावांच्या शिवारांत उभे राहिले. याच काळात ‘मनुष्यबळ विकास’ हा शब्द कार्मिक विभागाच्या दारावर लागला आणि त्याच्याबरोबर स्वभावमापनाच्या प्रश्नावल्याही आल्या. सुरुवातीला त्या अभियंते आणि व्यवस्थापक यांच्यापुरत्या होत्या. संगणकामुळे त्या स्वस्त झाल्या आणि हळूहळू खालच्या पायऱ्यांवरही उतरल्या. जॉबरच्या मर्जीपेक्षा प्रश्नावली अधिक न्याय्य आहे, असा तिचा दावा आहे. हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जात, गाव, आडनाव न विचारणारे मापन हे जॉबरच्या जगातल्या माणसाला मुक्तीसारखे वाटले असते. म्हणूनच तो दावा कितपत खरा आहे, हे तपासणे भाग आहे.

३

स्वभावाचे वर्गीकरण करण्याची हौस जुनी आहे. अरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने खुशामत्या, बडबड्या, कंजूष अशा तीस स्वभावनमुन्यांची छोटी शब्दचित्रे लिहिली. आपल्याकडे सत्त्व, रज, तम ही त्रयी गीतेतून ज्ञानेश्वरीत आणि तिथून घरोघरच्या बोलण्यात उतरली. ‘तामसी’ हा शब्द वापरण्यासाठी कोणाला सांख्यदर्शन वाचावे लागत नाही. रामदासांनी तर दासबोधाचा अख्खा दुसरा दशक लक्षणांना दिला. त्याचा आरंभ मूर्खाच्या लक्षणांनी होतो, मध्ये तिन्ही गुणांची लक्षणे येतात आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी होतो.

या लक्षणांच्या याद्या आणि आजची प्रश्नावली यांच्यात वरवर पाहता बरेच साम्य आहे. दोन्हींत लहान लहान वर्तने एकापुढे एक मांडलेली असतात आणि वाचणाऱ्याने आपल्याशी ताडून पाहावे, अशी अपेक्षा असते. पण हेतू अगदी उलटे आहेत. रामदास मूर्खलक्षणे सांगतात ती टाकून देण्यासाठी. ऐकणारा बदलू शकतो, हे तिथे गृहीत आहे. आधुनिक मानसशास्त्रातला गुणविशेष म्हणजे काळ आणि प्रसंग बदलले तरी बऱ्याच अंशी टिकून राहणारी प्रवृत्ती. प्रौढ माणसात ती वर्षानुवर्षे फारशी हलत नाही, असे धरूनच नोकरीच्या दारात तिचे मापन केले जाते. शिवाय एक फरक आहे : लक्षणांची यादी वाचणारा स्वतःचा निवाडा स्वतःच करतो, तर प्रश्नावली भरणाऱ्याचा निवाडा दुसरा करतो आणि बहुधा तो त्याला सांगतही नाही.

४

आधुनिक स्वभावमापनाची कहाणी १८८४ साली फ्रान्सिस गाल्टन यांच्यापासून सांगता येते. इंग्रजी भाषेत स्वभाव सांगणारे शब्द किती असावेत, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी रॉजेचा समानार्थी शब्दांचा कोश चाळला आणि असे निदान हजार शब्द असावेत, असा अंदाज केला. त्यामागची कल्पना साधी होती. माणसांना एकमेकांबरोबर राहताना जे फरक महत्त्वाचे वाटतात, त्यांना ती नावे ठेवतात. जो फरक फार महत्त्वाचा, त्याच्यासाठी एक स्वतंत्र शब्द तयार होतो. तेव्हा भाषेतले शब्द गोळा केले तर स्वभावाचा नकाशा मिळेल.

१९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी हे काम खरोखरच केले. वेब्स्टरचा मोठा कोश पानोपान वाचून त्यांनी माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. त्यांचे चार गट पाडले आणि टिकाऊ गुणविशेष सांगणारे ४,५०४ शब्द पहिल्या गटात ठेवले. पुढे रेमंड कॅटेल यांनी समानार्थी शब्द एकत्र करत ही यादी आटवली आणि १९४९ मध्ये सोळा घटकांची प्रसिद्ध प्रश्नावली तयार केली. १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि ख्रिस्टल यांना निरनिराळ्या गटांच्या आकडेवारीत पुन्हा पुन्हा पाचच घटक दिसले. लुईस गोल्डबर्ग यांनी १९८१ मध्ये त्यांना ‘मोठे पाच’ म्हटले आणि कोस्टा व मॅक्रे यांनी १९९२ साली २४० विधानांची सुधारित प्रश्नावली प्रसिद्ध करून या पाचांना जगभर नेले.

हे पाच असे : नव्या अनुभवाविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, म्हणजे नेटकेपणा, चिकाटी, शब्द पाळणे, बहिर्मुखता, सौहार्द, म्हणजे दुसऱ्याशी जुळवून घेण्याची वृत्ती, आणि भावनिक अस्थिरता, म्हणजे चिंता, चिडचिड, खचून जाणे यांकडे असलेला कल. माणूस यांपैकी एका खणात बसत नाही. पाचही दांड्यांवर त्याचे कमीअधिक स्थान असते. बहिर्मुख आणि अंतर्मुख अशा दोन जाती नाहीत, बहुतेक माणसे मध्यावर असतात, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या समीक्षेत आपण या जाती फार सहज पाडतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. या पाच घटकांचा पाया म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या समाजाने एकमेकांना पारखताना वापरलेले शब्द. म्हणजे मुळात हा एका भाषेच्या विशेषणांचा इतिहास आहे.

५

आता मापन कसे होते ते पाहू. प्रत्येक घटकासाठी अनेक विधाने रचली जातात. सहमतीचे पाच पर्याय देण्याची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये रूढ केली. काही विधाने मुद्दाम उलटी ठेवलेली असतात : ‘मी कामे वेळेवर पुरी करतो’ आणि ‘मी कामे पुढे ढकलतो’. दोन्हींना ‘सहमत’ म्हणणारा मनुष्य विधान वाचत नसावा किंवा नुसताच होकार भरत असावा, असे समजते. मग शेकडो माणसांच्या उत्तरांवर घटक विश्लेषण केले जाते. कोणती उत्तरे बरोबरीने वरखाली होतात हे पाहून त्यांचे पुंजके बांधायचे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. शेवटी एका माणसाचे गुण मोठ्या समूहाच्या प्रमाणकांशी ताडले जातात.

या मापाला दोन कसोट्या लागतात. पहिली विश्वसनीयतेची : त्याच माणसाला महिन्याभराने पुन्हा विचारले तर उत्तर साधारण तेच येते का? दुसरी सप्रमाणतेची : जे मोजतो म्हणून सांगितले, तेच मोजले जाते का? काटा दर वेळी दोनशे ग्रॅम कमी दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही.

दुसरी कसोटी किती कठोरपणे लावता येते, याचे चांगले उदाहरण पुण्यातच घडले आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार शालेय मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांच्या कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या आणि कोणती कोणाची, ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश ४६ टक्के भरले. नाणे उडवले असते तर ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिले असते. दुसरे उदाहरण अमेरिकेतले. बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘त्याचे’ व्यक्तिमत्त्ववर्णन दिले. वर्णन सर्वांना एकच होते, तेही बरेचसे बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘अगदी माझंच वर्णन आहे’ हा उद्गार सप्रमाणतेचा पुरावा होत नाही, हे १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाने दाखवले. प्रशिक्षणवर्गाच्या शेवटी स्वतःचा रंगीत अहवाल वाचून सुखावणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा.

मोठ्या पाचांची स्थिती कुंडलीसारखी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हा कर्तव्यदक्षतेचा आणि कामातल्या यशाचा संबंध पाहिलेल्या सगळ्या व्यवसायगटांत आढळला. परंतु तो सहसंबंध ०.२ च्या आसपासचा होता. याचा अर्थ असा : सरासरीपेक्षा वर गुण मिळवणारे १०० उमेदवार घेतले तर त्यांतले साधारण ५६ जण कामातही सरासरीच्या वर निघतील, चिठ्ठ्या टाकून घेतले असते तर ५० निघाले असते. हजारो माणसे भरणाऱ्या कंपनीला हा फायदा मोलाचा आहे. मात्र ज्या १०० जणांना कमी गुण मिळाले म्हणून परत पाठवले, त्यांच्यातही ४४ जण चांगले काम करणारे होते. कंपनीच्या ताळेबंदात सहा जणांचा लाभ दिसतो. फाटकाबाहेरचे चव्वेचाळीस कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत.

आणि विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे काय? बुद्धिमापन चाचणीत बरोबर उत्तर असते. स्वभावाच्या प्रश्नावलीत शास्त्रतः ते नसते, पण नोकरीच्या दारात ‘हवेसे’ उत्तर असते आणि ते उमेदवाराला कळते. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी १९५६ साली कंपन्यांतल्या नोकरदारांविषयीच्या आपल्या पुस्तकाला, अशा चाचण्यांत फसवावे कसे, हे शिकवणारे परिशिष्टच जोडले होते. जो मुलगा पुण्याच्या शिकवणीत मुलाखतीची तयारी करून येतो त्याला हवेसे उत्तर पाठ असते. नाणेकरवाडीच्या मुलाला ते अंदाजाने शोधावे लागते. जॉबरच्या जागी आलेली समता इथे पहिल्यांदा लंगडते.

६

मानसशास्त्राच्या आतूनही या कल्पनेला मोठा धक्का बसला होता. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी दाखवले की, एखाद्या प्रश्नावलीवरून प्रत्यक्ष प्रसंगातले वर्तन सांगू गेल्यास सहसंबंध ०.३ च्या पलीकडे क्वचितच जातो. माणूस कसा वागेल ते त्याच्या स्वभावाइतकेच, कधी त्याहून अधिक, प्रसंगावर अवलंबून असते. त्यावर पुढे वीस वर्षे वाद झाला. अनेक प्रसंगांची सरासरी घेतली तर गुणविशेष स्पष्ट दिसतात, एकट्या प्रसंगाचे भाकीत मात्र करता येत नाही, अशी तडजोड साधारणपणे मान्य झाली.

चाकणच्याच इतिहासातले उदाहरण घ्यायचे तर १६६० साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी इथला लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. त्यांचा चिवटपणा आपल्याला ठाऊक आहे तो त्या वेढ्यामुळे. वेढा पडला नसता तर तो गुण त्यांच्यात असूनही कोणाला, कदाचित त्यांना स्वतःलाही, दिसला नसता. कथा-कादंबरीकार हेच करतो. पात्राला तो प्रसंगात घालतो आणि मग पाहतो. पात्राने स्वतःविषयी दिलेला कबुलीजबाब आपण वाचक म्हणून कधीच जसाच्या तसा घेत नाही. प्रश्नावली मात्र मुख्यतः त्या कबुलीजबाबावरच उभी असते.

आपल्या सैन्याने ही अडचण ओळखून दुसरा मार्ग धरला. १९४३ मध्ये भारतात अधिकारी निवडण्यासाठी सुरू झालेल्या निवड मंडळांत चित्रावरून गोष्ट लिहिणे, शब्दाला चटकन प्रतिसाद देणे या चाचण्यांबरोबर गटाला एखादी अडचण सोडवायला लावून त्यांचे वागणे पाहणे, अशी रीत आली. ती आजही काही दिवस चालते. म्हणजे स्वभाव पाहायचा तर वेळ द्यावा लागतो. भांडारातल्या मदतनिसासाठी तेवढा वेळ कोणी देत नाही. त्याच्या वाट्याला वीस मिनिटांची टिचकी येते.

७

आता भाषेकडे वळू. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी आणली, तेव्हा तिचे नुसते भाषांतर पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. तिची नव्याने बांधणी करून, मुलांवर तपासून, १९४० मध्ये त्यांनी ते काम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाचा आधार घेऊन तिथे बुद्धिमापनाचे आणि चाचण्या घडवण्याचे काम झाले. संस्थेची एक शाळा पिंपरी-चिंचवडमध्ये निगडीला आहे. तात्पर्य, बुद्धी मोजण्यासाठी मराठीत कष्टाची परंपरा आहे. स्वभाव मोजणाऱ्या ज्या प्रश्नावल्या आम्ही औद्योगिक पट्ट्यात पाहिल्या, त्यांच्यात मात्र असे कष्ट जाणवले नाहीत. ‘पार्टीचा प्राण’ ही त्याची खूण आहे.

कोश बदलला तर नकाशा बदलतो, हे आता दिसून आले आहे. ॲश्टन आणि ली यांनी २००४ मध्ये डच, जर्मन, हंगेरियन, कोरियन आदी सात भाषांतल्या शब्दांचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा पाचांच्या जोडीला सहावा घटक दिसला : प्रामाणिकपणा आणि विनम्रता. हिंदीचा असा अभ्यास जितेंद्र सिंह, गिरीश्वर मिश्र आणि बुले डी राड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी शब्द गोळा केले ते कोशातून आणि हिंदी कादंबऱ्यांतूनही. आणि त्यांना मिळालेल्या रचनेत सात्त्विक, राजस, तामस या जुन्या भेदांशी नाते सांगणारे गट आढळले. मानसशास्त्रज्ञांनी मापनासाठी कादंबरी उघडावी, ही आमच्यासारख्यांना आनंद देणारी आणि थोडी लाज आणणारी गोष्ट आहे.

आणखी मोलाचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या २३ देशांतल्या पाहण्या तपासल्यावर संशोधकांना आढळले की, आंतरजालावर स्वतःहून उत्तरे देणाऱ्यांत हे पाच घटक ठीक दिसतात. पण समोरासमोर बसून विचारलेल्या पाहण्यांत ती रचना ढासळते. त्याचे एक कारण म्हणजे विधान कोणतेही असो, ‘हो’ म्हणण्याची प्रवृत्ती. संख्याशास्त्राच्या भाषेत हा मापनातला दोष. तो वजा करून मग हिशेब करायचा असतो.

हे वाचताना आम्हांला आमचा विद्यार्थी आठवला आणि एक मराठी शब्द आठवला : भीड. समोरच्याच्या मानामुळे, वयामुळे, उपकारामुळे, किंवा नुसत्या समोर असण्यामुळे ‘नाही’ न म्हणता येणे म्हणजे भीड. ती पडते, ती घालता येते, ती मोडावी लागते. भिडेखातर माणसे लग्ने जमवतात, जामीन राहतात, प्रस्तावना लिहितात. जो सदैव भिडेत सापडतो तो भिडस्त. आणि ‘भीड भिकेची बहीण’ म्हणून आजीने बजावलेलेही असते. या शब्दाला मोठ्या पाचांत कुठे ठेवावे? भिडस्त मनुष्य अंतर्मुख असेलच असे नाही. मित्रांत तो मैफल गाजवतो. तो सौहार्दशीलही असेलच असे नाही. मनातून तो चरफडत असतो. भीड एका माणसाच्या आत राहत नाही, ती दोन माणसांच्या मध्ये असते, आणि त्यांतला एक वरचा असला की वाढते.

म्हणजे प्रश्नावली ज्याला चूक समजून वजा करते, त्याला मराठीने नाव दिले आहे. चाकणच्या त्या खोलीत मापक आणि उमेदवार यांच्यात जे सर्वांत ठळकपणे घडत होते, ती भीड होती. तिच्यामुळेच तो विधानामागून विधानाला होकार देत गेला, आणि बहुधा उलट्या विधानांवर अडकून ‘बेभरवशाचा’ ठरला. आपल्या भाषेत ज्याला आपण सज्जनाचा दोष म्हणून ओळखतो, त्याची नोंद तिथे अप्रामाणिकपणा म्हणून होऊ शकते. मापनाने होणारा अन्याय आम्हांला या ठिकाणी नेमका दिसतो.

८

यावर मापन बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्यास फाटकावर पुन्हा जॉबर येऊन उभा राहील. तो पूर्णपणे गेला आहे, असेही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मराठी माणसाचा स्वभाव मराठीत मोजायचा तर आरंभ मराठी शब्दांपासून व्हावा. सामग्री आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ पासून आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला आहे. खमक्या, लाघवी, तुसडा, घुमा, हिकमती, आढ्यताखोर, चेंगट, सोशिक, तिरसट, आतल्या गाठीचा, अघळपघळ – हे शब्द वेचायचे, कोणते अजून जिवंत आहेत ते गावोगाव आणि वस्त्यावस्त्यांत विचारायचे, मराठवाड्यात आणि मावळात त्यांचे अर्थ कुठे फिरतात ते टिपायचे, आणि शहाण्णव मराठी कादंबऱ्यांत की नऊ, किती वाचता येतील तेवढ्यांत, त्यांचा वापर पाहायचा. हे काम मानसशास्त्राच्या विभागाला एकट्याने जमणार नाही. संख्याशास्त्र त्यांनी आणावे, शब्द आम्ही आणावेत. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी जे केले ते एम. ए. च्या वर्गातले वीस विद्यार्थी दोन वर्षांत सुरू तरी नक्कीच करू शकतील.

आमच्या विद्यार्थ्याला त्या कंपनीतून पुढे काही कळवले गेले नाही. वर्षभराने तो म्हाळुंग्याच्या बाजूला एका लहान कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागला. तिथे प्रश्नावली नव्हती. पर्यवेक्षकाने त्याला तीन दिवस माल मोजायला लावला आणि चौथ्या दिवशी ठेवून घेतले. हा पर्यवेक्षक कसा आहे, असे आम्ही विचारले तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, “खमक्या आहे सर, पण कुणाला भीड पडू देत नाही. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, म्हणतो.”